इस्त्री तापेपर्यंत

मी एक जुनी वाचनखूण आहे, एका टोकाला जळलेली. वीतभर लांब, दोन बोटे रुंद. वरून गडद निळी, आतून लाल अस्तराची. मित्रांनो, माझी गोष्ट सांगण्याआधी तुम्हाला एक विचारते, राग मानू नका. तुम्ही खरेच वाचता आहात ना? की ओळींवरून नुसती नजर फिरवून शेवट किती लांब आहे ते बघता आहात? मला आपली शंका येते. माझा सगळा जन्म पुस्तकात गेला. माणसे पुस्तकापुढे बसून काय काय करतात ते मी फार जवळून पाहिले आहे. कुणी डोळे मिटून हात जोडले की माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, हा प्रार्थना करतो आहे की डुलकी काढतो आहे?

हा स्वभाव घेऊन मी जन्माला आले नव्हते. तो मला कसा लागला तेच सांगते.

एका शिंप्याच्या दुकानात माझा जन्म झाला. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. पुढे कातरकामाचे मोठे टेबल, मागे भिंतीला लागून दोन शिलाई मशीन, कोपऱ्यात इस्त्रीची फळी, आणि मागच्या दारातून आत गेले की घर. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी एका उंच माणसाचा निळा लोकरी कोट कापला आणि वीतभर पट्टी उरली. ते ती चिंध्यांच्या पिशवीत टाकणार, तेवढ्यात त्यांच्या बायकोने ती पकडली.

"अहो, हिला फेकू नका. तुमचं पान रोज हरवतं आणि नाव वाऱ्याचं घेता."

तिने मला लाल अस्तर लावले, कडा आत दुमडून बारीक तुरपाई केली. आत थोडी माया ठेवली. माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जास्तीचे कापड, पुढेमागे कड विरलीच तर पुन्हा दुमडता यावी म्हणून. माझा एक कोपरा जरा तिरका आहे. तो शिवताना मास्तर काहीतरी बोलले आणि ती हसली, सुई घसरली. तो कोपरा मी अजून जपते. शिवता शिवता ती गुणगुणत होती,

पहिला माझा टाका, देवा तुझ्या नावावरी
उसवो सारी शिवण, हा ठेव जन्मभरी

मग तिने मला मास्तरांच्या शास्त्रात ठेवले. प्रभूच्या वचनांचे ते जाड, काळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळालेले होते. माझे एक टोक बाहेर लोंबत राहिले. पुस्तक मिटले की आत अंधार, पण त्या टोकाने मला दुकान दिसे.

त्या दुकानाचा एक नेम होता. सकाळी दार उघडले की पहिले काम इस्त्री तापत ठेवायचे. इस्त्री जुनी आणि जड, तापायला चांगलीच वेळ लावणारी. ती तापेपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात मास्तर टेबलावर शास्त्र उघडत आणि एक पान मोठ्याने वाचत. मग दोघे नवराबायको गप्प बसत. शेवटी, त्या दिवशी जो कपडा पहिला कापायचा असेल त्याला टाचलेली मापाची चिठ्ठी मास्तर उचलत आणि तिच्यावरचे नाव घेऊन म्हणत, "प्रभू, या माणसाला सदरा नीट बसू दे, आणि सदऱ्याच्या आतल्या माणसालाही बरं वाटू दे." रविवारी दुकान बंद असे, पण नेम चुकत नसे. त्या दिवशी चिठ्ठी नसे म्हणून घरातल्याच कुणाचे तरी नाव घेतले जाई. आमेन झाले की बायको बोटाने पाण्याचा थेंब इस्त्रीवर टाकी. थेंब चर्रकन उडाला की दिवस सुरू.

एक पान, थोडे गप्प बसणे आणि एक नाव. एवढेच. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारले, एवढ्याशाने काय होते? मास्तरांची बायको म्हणाली, "ओळख काय एका दिवसात होते? शेजारणीशी व्हायला मला चार वर्षं लागली, आणि ती तर समोर दिसते."

मित्रांनो, ते माझे बहराचे दिवस होते. रोज एक पान पुढे. त्या पुस्तकातून मी सात वेळा आरपार गेले. राजांच्या लढायांतून गेले, रडक्या स्तोत्रांतून गेले, वंशावळींच्या कंटाळवाण्या पानांतूनही गेले, कारण मास्तर तीसुद्धा सोडत नसत. प्रार्थनामंदिरातले पाळक सदऱ्याचे माप द्यायला आले की मला बोटात धरून म्हणत, "या पट्टीइतकं चालणारं माझ्या मंडळीत कुणी नाही." मी फुगून जाई. त्या वयात मला संशय हा शब्दही माहीत नव्हता.

मग मास्तरांची बायको आजारी पडली आणि तीन महिन्यांत गेली. तिच्या मशीनवर पांढरे कापड पडले. आठ दिवस पुस्तक उघडले नाही. नवव्या दिवशी मास्तरांनी इस्त्री लावली, पुस्तक उघडले आणि ते पानाकडे बघत बसले.

आता माझे ऐका. मी पानाला चिकटून असते, मला वाचणारी नजर कळते. ती उजव्या कडेला पोचते, पुन्हा डावीकडे येते, एक ओळ खाली उतरते. मास्तरांची नजर उतरलीच नाही. ती एका जागी उभी होती. मग त्यांनी मला उचलले, पुढच्या पानात ठेवले आणि पुस्तक मिटले. चिठ्ठीवरचे नाव घेतले नाही. थेंब टाकायला कुणी नव्हते. इस्त्री तापून तापून करपल्यासारखा वास सुटला तेव्हा ते उठले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पुरी दोन वर्षे मी रोज एक पान पुढे जात राहिले आणि त्यातली एक ओळसुद्धा कुणी वाचली नाही.

मास्तरांची धाकटी बहीण दुकानात बटणांची काजे करायला येत असे. दाराशी उजेडात, दुकानाकडे पाठ करून बसायची, हात काजावर आणि तोंड रस्त्यावर. सगळे तिला आत्याबाई म्हणत. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून ती सांगे, "वहिनी गेली, पण दादानं नेम मोडला नाही हो. ती खूण बघा कुठवर आलीय." आणि लोक माझ्याकडे कौतुकाने बघत. मित्रांनो, मी काय करणार होते? मला तोंड नव्हते. मी खोटी साक्ष देत होते आणि तीसुद्धा रोज. एके सकाळी मास्तरांनी बेध्यानात इस्त्री टेबलावर टेकवली ती माझ्या बाहेरच्या टोकावर. तेव्हापासून मी जळकी. आणि तेव्हापासूनच संशयी. मला वाटू लागले, जर मास्तर असे करू शकतात, तर दुनियेतले कुठले जोडलेले हात खरे मानायचे?

पुढे मास्तरांच्या मुलाचे लग्न झाले. मुलगा बोटीवर नोकरीला, सहा महिने पाण्यात, दोन महिने घरात. सून मात्र घरात राहिली आणि दुकानात आली. तिने शिवणकामाच्या वर्गात शिकून घेतले होते. सासूच्या मशीनवरचे पांढरे कापड तिनेच काढले, घडी करून कपाटात ठेवले आणि मशीनला तेल दिले. कमी बोलायची. कमी बोलणाऱ्यांविषयी माझे मत आधीच चांगले नव्हते.

त्या दिवसांत मास्तरांना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. हे त्यांनी कुणालाच सांगितले नाही. सुई ओवायला बहिणीला सांगत, चिठ्ठ्या सुनेकडून वाचून घेत, आणि वर म्हणत, "तुम्हाला शिकवतोय." मुख्याध्यापकांचा कोट आला तेव्हा खडूने बाहीची रेघ मास्तरांनी आखली. रेघ तिरकी गेली. माझे टोक टेबलाकडेच लोंबत होते, मी पाहिली. सुनेनेही पाहिली असावी. पण रेघ मास्तरांची. तिने तिच्यावरूनच कापले आणि शिवले.

मुख्याध्यापकांनी कोट घातला. बाही खांद्यापाशी वळली. दुकानात पाचसहा माणसे होती. मास्तरांनी बाहीवरून बोट फिरवले, क्षणभर थांबले, आणि मग ब्लेड घेऊन सगळ्यांदेखत बाही उसवून काढली.

"ही बाही आहे की हत्तीची सोंड? वर्गात हेच शिकवतात का, सूनबाई?"

सगळे हसले. आत्याबाई सगळ्यांत जास्त. सून खाली बसून जमिनीवरचे दोरे एकेक करून वेचत राहिली. सगळे वेचून झाले तरी वेचत होती.

वर्षभरात मास्तरांना दिसायचे पूर्ण बंद झाले. आता लपवता येण्यासारखे राहिले नाही. कात्री सुनेच्या हातात गेली. मास्तर टेबलाशी बसून बोटांनी कापड चाचपत आणि सांगत, हे आटेल, हे फुगेल. एके दिवशी ते म्हणाले, "सूनबाई, सकाळी एक पान वाचून दाखवशील? नेमात खंड पडलाय."

"वाचीन," ती म्हणाली. एवढेच.

आणि ती वाचू लागली. इस्त्री लावायची, पान वाचायची, गप्प बसायची, चिठ्ठीवरचे नाव घ्यायची. वाचणे साधे, अडखळले तर परत मागून घ्यायची. नजर उजवीकडून डावीकडे, एक ओळ खाली. मला बऱ्याच वर्षांनी पानावर नजर उतरताना जाणवली. पण मी एवढ्याने भुलणारी नव्हते. नवी नवलाई आहे, म्हटले. बघू.

एकोणिसाव्या दिवशी एक पान आले. ते वाचताना ती मध्येच थांबली. मास्तरांना वाटले, श्वास घेते आहे. मग तिने पान पुरे केले. दुसऱ्या दिवशी पुढचे पान वाचले, पण मला पुढे नेले नाही. केसांतला आकडा काढून त्या नव्या जागेवर लावला. तिसऱ्या दिवशी आकडा पुढे गेला, मी तिथेच. वाचन झाले की ती रोज एकदा माझे पान उघडायची, त्याच्याकडे बघायची आणि पुस्तक मिटायची.

माझ्या जागी केसांतला आकडा. माझ्या मनात काय काय आले, ते सांगायची लाज वाटते, तरी सांगते. हिला माझ्या जळक्या टोकाची किळस येते. हिला सासूची कुठलीच वस्तू नको आहे. ही मला इथेच विसरून जाणार. आणि रोज उघडून बघते ते काय? माझ्यावर पाळत ठेवते की मी तिच्यावर ठेवते आहे, ते बघते?

रविवारकडे मी विशेष लक्ष ठेवले. पहिल्या रविवारी तिने नवऱ्याचे नाव घेतले. दुसऱ्या रविवारी आत्याबाईंचे. आत्याबाई नंतर कुजबुजल्या, "माझं कशाला? मला काय झालंय?" तिसऱ्या रविवारी घरात एकच माणूस उरला होता, टेबलापाशी समोर बसलेला. तिने तोंड उघडले, मिटले, आणि पुन्हा नवऱ्याचेच नाव घेतले. मी मनात नोंद केली. मास्तरांनीही केली असावी, कारण त्यांची बोटे टेबलावर थांबली.

आता मास्तरांच्या बोटांविषयी सांगायला हवे. कापडाच्या चार घड्या आहेत की पाच, हे ती बोटे न बघता सांगत. रोज दुपारी सून तयार कपडे पोचवायला गेली की ते पुस्तक जवळ ओढत आणि मला चाचपत. माझ्या डाव्या बाजूला किती जाडी, उजव्या बाजूला किती. रोज तितकीच. आकडा त्यांच्या बोटांना लागला नाही, कारण दुपारी बाहेर निघताना ती तो काढून केसांत लावी आणि पान लक्षात ठेवी.

"खूण हलत नाही," एका दुपारी ते बहिणीला म्हणाले.

आत्याबाईंनी काज अर्धे सोडले. "मी सांगतच होते. हल्ली फोनमध्ये सगळं असतं, दादा. त्यातनं वाचून दाखवत असेल. पुस्तक मांडीवर नुसतं शोभेला."

"तू बघितलंस?"

"मी कशाला बघू? माझं तोंड रस्त्याकडे असतं."

मास्तरांनी पुस्तक दूर सारले. मग म्हणाले, "नेम खोटा चालणार असेल तर नसलेला बरा. पुस्तक प्रार्थनामंदिरात देऊन टाकतो. रविवारी ठरवू."

मी आतून गार पडले. प्रार्थनामंदिरातल्या काचेच्या कपाटाविषयी मी पाळकांच्या तोंडून ऐकले होते. घराघरांतून आलेली जुनी शास्त्रे तिथे ओळीने उभी, आणि त्यांतल्या रेशमी फिती वर्षानुवर्षे एकाच पानावर. आमच्या दुकानातली सकाळही माझ्याबरोबर त्या कपाटात जाणार होती. इस्त्री राहणार, पण ती तापेपर्यंत काय करायचे ते कुणाला ठाऊक राहणार नव्हते.

शुक्रवारी दुपारी मास्तर बहिणीला म्हणाले, "सुई ओवून दे. पांढरा दोरा."

"कशाला?"

"काम आहे."

त्यांनी पुस्तक उघडून मला अंगठ्याखाली धरले आणि तिथून पुढे पाने मोजली, एकेक, बोटाला किंचित थुंकी लावून. मी अडून एकवीस दिवस झाले होते. एकवीस पाने मोजली. बाविसावे आणि तेविसावे पान खालच्या कोपऱ्यात, छापलेल्या अक्षरांना धक्का न लावता, त्यांनी कच्च्या टाक्याने एकमेकांना शिवून टाकले. ती खरेच वाचत असेल तर दोरा तोडावा लागेल. नसेल वाचत तर दोरा तसाच राहील. मित्रांनो, शास्त्राची पाने शिवून सुनेची परीक्षा घेण्याची बुद्धी शिंप्यालाच होते. सुई कागदातून गेली तेव्हा मी शहारले. आणि खोटे कशाला बोलू, मी खूशही झाले. उद्या कळेलच, म्हटले.

शनिवारी सकाळी सुनेने इस्त्री लावली. पुस्तक उघडले. पान चाळले. हात थांबला.

दाराशी आत्याबाईंची सुईही थांबली.

"बाबा," सून म्हणाली, "इथं पानं शिवलीत."

"हो का," मास्तर म्हणाले.

"कच्चा टाका आहे. चार टाके, चारही सारख्या अंतराचे."

"कुणी घातले असतील?"

"आख्ख्या बाजारात न बघता एवढा सरळ टाका घालणारा एकच माणूस आहे, बाबा."

आत्याबाई पहिल्यांदाच रस्त्याकडे पाठ करून वळल्या. "अगं, म्हणजे तू पुस्तक उघडतेस?"

"नाही तर काय, इस्त्रीवरचं वाचते?"

मास्तरांनी हात वर केला, बहिणीने गप्प बसावे म्हणून. परीक्षेचा निकाल लागला होता, पण त्यांचा चेहरा सैलावला नाही. "मग खूण का हलत नाही? मी रोज चाचपतो. एकवीस दिवस एकाच जागी."

इस्त्रीतून तापताना येतो तसा बारीक टकटक आवाज येत होता.

"त्या पानावर जे लिहिलंय ते मला अजून जमलं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला पाठ असेल. देवापुढं यायच्या आधी, ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशी मिटवून ये, असं आहे."

"कुणाशी बिनसलंय तुझं?"

"नवऱ्याशीच असणार," आत्याबाई म्हणाल्या, "सहा सहा महिने बोटीवर..."

"आत्याबाई, काज फाटेल." मग सून मास्तरांकडे वळली. "तुमच्याशी, बाबा. मुख्याध्यापकांचा कोट आठवतो? खडूची रेघ तुमची होती. मी रेघेवरच शिवलं. सगळ्यांदेखत तुम्ही मला उसवलंत. रोज चिठ्ठीवरचं नाव घेते, काही वाटत नाही. तुमचं घ्यायला गेले की इथं अडतं." तिने गळ्याला हात लावला, मास्तरांना दिसणार नाही हे विसरून. "वाचन तुमच्यासाठी पुढं नेलं. खूण मी माझ्यासाठी मागं ठेवली. जे जमलं नाही त्याच्या पुढं ती कशी नेऊ? सरकवली असती तर तुम्हाला कळलंही नसतं."

मित्रांनो, मी आत बसून ऐकत होते. मला वाटत होते की मी विसरली गेले आहे. आणि ती मात्र रोज माझ्यापाशी येत होती, जमते का ते बघायला. माझ्या आयुष्यात मला एवढ्या खरेपणाने कुणी कुठेच ठेवले नव्हते.

मास्तरांनी हात पुढे केला. चाचपत पुस्तकापर्यंत आले, मला शोधले, माझ्या जळक्या टोकावर अंगठा ठेवला.

"रेघ माझी होती, ते मला त्याच दिवशी कळलं," ते म्हणाले. "बाहीवरून बोट फिरवलं तेव्हाच. तुझी शिलाई सरळ होती. मास्तरांचे डोळे गेले हे बाजाराला कळू नये म्हणून मी तुला पुढं केलं."

त्यांचा अंगठा जळक्या टोकावरच होता.

"आणि खुणेबद्दल मी कोण विचारणार? तुझी सासू गेल्यावर दोन वर्षं मी एक ओळ वाचली नाही. देवावर रागावलो होतो. ते त्याला सांगायचं सोडून रोज खूण सरकवत होतो, लोकांना दिसावी म्हणून. म्हणून तर तुझा संशय आला. ही लबाडी मला ओळखीची आहे ना."

आत्याबाईंच्या मांडीवरचे कापड खाली घसरले. "दादा, मी तर आख्ख्या रस्त्याला सांगत सुटले होते."

"ठाऊक आहे. तू सांगायचीस, म्हणून तर मला दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकवावी लागायची."

सुनेला हसू आले. ते तिने दाबले, पण मी पानाला लागून होते, मला कळले. वर्षांपूर्वी माझा कोपरा तिरका करणारे हसू असेच काहीसे होते.

"चुकलं माझं, पोरी," मास्तर म्हणाले. "चारचौघांत उसवलं, तर चारचौघांत सांगीन. मुख्याध्यापक येऊ दे." आणि खरेच, पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापक पाटलोणीचे माप द्यायला आले, तेव्हा भरल्या दुकानात मास्तरांनी सांगितले की ती सोंड माझी होती, हिची नव्हती. पण ते नंतरचे.

त्या सकाळी ते म्हणाले, "ब्लेड दे. मी घातलेला टाका मी काढतो."

"राहू दे बाबा, मीच उसवते. तुमच्या हातून माझी एक बाही गेलीय."

तिने चार टाके अलगद कापले. कागदाला आठ बारीक भोके राहिली, ती अजून आहेत. मग तिने ते पान वाचले. मग तिघे गप्प बसले, आत्याबाईसुद्धा, आणि ते मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. इस्त्री केव्हाच तापली होती. कुणी उठले नाही.

टेबलावर चिठ्ठी टाचलेला कपडा पडला होता. सुनेने चिठ्ठी उचलली आणि परत ठेवली. मग तिने मास्तरांचे नाव घेतले. त्यांचे स्वतःचे नाव, जे बाजारात कुणाला माहीतही नव्हते. नाव घेताना आवाज मध्येच फाटला, तिने तो मागून पुन्हा घेतला, वाचताना अडखळली की घ्यायची तसा. "प्रभू," ती म्हणाली, "यांना आजचा दिवस नीट बसू दे. आणि आतल्या माणसालाही बरं वाटू दे."

"आमेन," मास्तर म्हणाले.

आत्याबाई उठल्या, पेल्यात बोट बुडवले आणि इस्त्रीवर थेंब टाकला. चर्रकन आवाज झाला. वहिनी गेल्यापासून तो आवाज त्या दुकानात झाला नव्हता.

मग सुनेने मला उचलले आणि बावीस पाने ओलांडून त्या आठ भोकांच्या पानावर नेऊन ठेवले. एका दिवसात एवढे मी कधी चालले नव्हते. पुस्तक प्रार्थनामंदिरात गेले नाही. रविवार आला आणि गेला, कुणी विषय काढला नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. माझी कड मध्ये फार विरली, तेव्हा सुनेने आतली माया बाहेर काढून मला पुन्हा दुमडले आणि तुरपले. जळके टोक कापू का, असे तिने विचारले होते. मास्तर म्हणाले, राहू दे, त्यावरूनच मला ती सापडते.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी खूण तुमच्याही घरी असेल. फितीची, कागदाची, नाहीतर नुसत्या दुमडलेल्या कोपऱ्याची. तिला सांभाळा. रोज एखादे पान वाचा, थोडे गप्प बसा, एक नाव घ्या. इस्त्री तापायला लागतो तेवढाच वेळ पुरे. पण तिला लोकांना दाखवायला पुढे सरकवू नका, ती बिचारी बोलू शकत नाही. एखादे पान जमत नसेल तर थांबा, देव पुढच्या पानावर निघून जात नाही. आणि दुसऱ्याची खूण हलत नाही असे दिसले, तर सुईत दोरा ओवण्याआधी त्याला विचारा.

माझा संशय मात्र अगदी गेला, असे मी म्हणणार नाही. मास्तर डोळे मिटून बसले की अजून माझ्या मनात येते, प्रार्थना की डुलकी? परवा त्यांनीच डोळे न उघडता म्हटले, "थोडी थोडी दोन्ही." कुणी विचारले होते, कोण जाणे.

आज मी कालच्याच पानावर आहे. परवाही इथेच होते. सुनेचे काहीतरी अडले आहे. मास्तरांनी दुपारी मला चाचपले, दोन्ही बाजूंची जाडी पाहिली आणि पुस्तक हळूच मिटले. त्यांनी काही विचारले नाही. मीही विचारत नाही.